ऑल इंग्लंड बघायला बर्मिंगहॅमला जायचंय? मग मंगळवारचं तिकीट काढा

ऑल इंग्लंड या बॅडमिंटनच्या स्पर्धेच्या फायनलचं तिकीट मिळालं नाही म्हणून जायचंच रद्द करणारी माणसं मला दर वर्षी भेटतात, आणि दर वर्षी मी त्यांना तेच सांगतो, की अहो फायनल घरी सोफ्यावर बसून बघा, ती टीव्हीवर जास्त छान दिसते, पण बर्मिंगहॅमला जायचंच असेल तर मंगळवारी नाहीतर बुधवारी जा. लोकांना वाटतं मी चेष्टा करतोय.

पहिल्या वर्षी मीही हीच चूक केली होती. रविवारचं तिकीट, तेही पार वरच्या ब्लॉकमधलं, खाली एकच कोर्ट उजेडात आणि बाकी सगळा अंधार, प्लेअर काडेपेटीतल्या काड्यांएवढे आणि फूल (शटल) तर दिसतच नव्हतं, लोक ओरडले की कळायचं पॉइंट झाला. मान मोठ्या स्क्रीनकडे वळवून वळवून शेवटी वाटलं हेच घरी चहा पीत बघता आलं असतं. पुढच्या वर्षी शनिवार-रविवारची रजा मिळाली नाही म्हणून नाइलाजाने मंगळवारी गेलो, स्वस्तातलं तिकीट, तिसरी रांग. बाजूच्या कोर्टवर दोन डबल्सवाले सर्व्हिसच्या आधी पाठीमागे बोटं दाखवून एकमेकांना खुणा करत होते, एकाच्या पायाला टेप होती तिचं टोक सुटलं होतं आणि तो दर पॉइंटनंतर वाकून ते दाबत होता. स्मॅश मारला की आवाज कानात नाही, छातीत लागतो. तेव्हापासून मी मंगळवारवाला.

तर आता क्रमाने सांगतो, पण आधी थोडा इतिहास, कारण तो माहीत नसेल तर तिथे जाऊन नुसत्या मॅच बघून याल.

आधी हे माहीत असू द्या

ऑल इंग्लंड १८९९ साली लंडनमध्ये सुरू झाली, बकिंगहॅम गेटला लंडन स्कॉटिश रेजिमेंटच्या कवायतीच्या हॉलमध्ये, एका दिवसात सगळी स्पर्धा उरकली होती आणि त्या वर्षी फक्त डबल्स आणि मिक्स्ड होतं, सिंगल्स दुसऱ्या वर्षी म्हणजे १९०० मध्ये आलं. आणि कोर्ट आजच्यासारखं सरळ आयताकृती नव्हतं, मधे नेटजवळ आवळलेलं, डमरूसारखं. १९०१ नंतर ते सरळ झालं. पुणेकरांसाठी खास गोष्ट म्हणजे त्याच्या पाव शतक आधी हा खेळ पुण्यातल्या छावणीत इंग्रज अधिकारी खेळत होते, त्याला 'पूना' असंच म्हणायचे आणि १८७३ च्या सुमाराला पहिले नियम पुण्यातच लिहिले गेले. नाव मात्र पडलं ग्लॉस्टरशरमधल्या ड्यूकच्या बॅडमिंटन हाऊसवरून. नाव त्यांचं, नियम आपल्याकडचे, यावरून मी तिथल्या एका क्लबच्या आजोबांशी अर्धा तास वाद घातलाय आणि दोघेही खूश होऊन उठलो.

स्पर्धा हॉल बदलत बदलत फिरली. क्रिस्टल पॅलेस, मग बनहिल रो, मग १९१० ते १९३९ व्हिन्सेंट स्क्वेअरचा हॉर्टिकल्चरल हॉल म्हणजे जिथे फुलांची प्रदर्शनं भरायची तिथे हे फूल उडत होतं. दोन्ही महायुद्धांत बंद. त्या जुन्या काळातलं एक नाव लक्षात ठेवा, जॉर्ज थॉमस, २१ टायटल्स सगळे प्रकार मिळून, शिवाय बुद्धिबळातला मोठा खेळाडू, थॉमस कप म्हणजे पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा त्याच्याच नावाची. बायकांचा उबर कपसुद्धा असाच बेटी उबर या इंग्लिश प्लेअरच्या नावावरून आला, तीही ऑल इंग्लंडमधलीच.

युद्ध संपल्यावर १९४७ ला हॅरिंगेमध्ये पुन्हा सुरू झाली आणि त्या वर्षीची गोष्ट मला सगळ्यात जास्त चटका लावते. प्रकाश नाथ आणि देविंदर मोहन हे दोघे आपले, पण ड्रॉ असा लागला की क्वार्टरला एकमेकांसमोर. ताकद वाचवायची म्हणून दोघांनी खेळायच्या ऐवजी नाणं उडवलं, प्रकाश नाथ पुढे गेले आणि थेट फायनलला पोचले. फायनलच्या सकाळी पेपरात त्यांनी वाचलं की लाहोर पेटलंय. त्यांचं घर लाहोरला. ते स्वीडनच्या कॉनी जेप्सनकडून हरले. आता यात बॅडमिंटन किती आणि बाकी किती हे तुम्हीच ठरवा.

आपल्या सांगलीचे नंदू नाटेकर १९५४ ला इथे क्वार्टरफायनलपर्यंत गेले होते. पुढे १९५६ ला क्वालालंपूरला त्यांनी जिंकलेलं टायटल म्हणजे कुठल्याही भारतीयाने परदेशात जिंकलेलं पहिलं बॅडमिंटन टायटल, हे आपल्या पोरांना सांगायला हवं, शाळेत कुणी सांगत नाही.

१९५७ पासून १९९३ पर्यंत मुक्काम वेम्बली अरीनाला. ही जागा मुळात १९३४ मध्ये स्विमिंग पूल म्हणून बांधलेली. वर्ल्ड चॅम्पियनशिप १९७७ ला सुरू झाली, त्याआधी जो ऑल इंग्लंड जिंकेल तोच जगज्जेता असं सगळे धरून चालायचे, म्हणून इंडोनेशियाच्या रूडी हार्टोनोची ८ टायटल्स, त्यात १९६८ ते १९७४ सलग ७, हा आकडा ऐकून जुने लोक अजून कानाला हात लावतात. बायकांमध्ये ज्यूडी हॅशमनची सिंगल्सची १०. आणि याच वेम्बलीत १९८० मध्ये प्रकाश पदुकोणने लिम स्वी किंगला १५-३, १५-१० असं गुंडाळलं, किंग त्याआधीची दोन वर्षं लागोपाठ जिंकलेला, त्याच्या उड्या मारून मारलेल्या स्मॅशला सगळे घाबरायचे आणि प्रकाशने त्याला उडी मारायची फुरसतच दिली नाही, फूल हळू, नेटजवळ, मग एकदम मागे. बंगळुरूला एका लग्नाच्या हॉलमध्ये सराव करून मोठा झालेला माणूस.

१९९४ पासून स्पर्धा बर्मिंगहॅमला, त्याच हॉलमध्ये जिथे तुम्ही जाणार आहात. त्याचं नाव तेवढं बदलत राहिलंय, आधी नॅशनल इनडोअर अरीना, मग स्पॉन्सरप्रमाणे दोन-तीन नावं, आता युटिलिटा अरीना. २००१ ला गोपीचंद इथेच जिंकला, सेमीला पीटर गेड आणि फायनलला चीनचा चेन हाँग १५-१२, १५-६, तेही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली असताना. सायना २०१५ ला इथेच कॅरोलिना मारिनकडून फायनल हरली, पहिला गेम घेऊन. लक्ष्य सेन २०२२ च्या फायनलला अॅक्सेलसेनकडून. त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षीही ट्रीसा जॉली आणि गायत्री गोपीचंद सेमीपर्यंत गेल्या, म्हणजे बाप जिथे जिंकला त्याच मॅटवर पोरगी. मी तेव्हा तिथे नव्हतो आणि त्याची हळहळ अजून आहे.

कधी जायचं, तिकीट कसं काढायचं

स्पर्धा मार्चमध्ये असते, मंगळवार ते रविवार. प्रत्येक प्रकारात ३२ जणांचा ड्रॉ, पाच प्रकार. मंगळवार-बुधवार पहिला राउंड, गुरुवारी दुसरा, शुक्रवारी क्वार्टर, शनिवारी सेमी आणि रविवारी पाच फायनल. म्हणजे हिशोब करा, पहिल्या दोन दिवसांत मिळून ८० मॅच आणि रविवारी ५. ही सुपर १००० दर्जाची स्पर्धा आहे, जगात अशा चारच, त्यामुळे पहिल्या राउंडला सुद्धा कुणी ऐरागैरा नसतो, आणि मोठमोठे सीडेड प्लेअर सगळ्यात जास्त घाबरलेले असतात ते पहिल्याच मॅचला. उलटफेर बघायचे असतील तर तेव्हाच.

तिकिटं बरेच महिने आधी सुटतात, शनिवार-रविवार आधी संपतात आणि महागही असतात. ऑफिशियल साइटवरूनच घ्या, बाहेर फेसबुकवर कुणीतरी 'दोन जास्तीची आहेत' म्हणतो त्याच्या नादी लागू नका, माझ्या ओळखीतल्या एकाला एकच बारकोड तिघांना विकलेला निघाला आणि हा बाहेर थंडीत उभा. ड्रॉ स्पर्धेच्या थोडेच दिवस आधी निघतो आणि रोजचं वेळापत्रक तर आदल्या दिवशी, त्यामुळे 'सिंधू कुठल्या दिवशी आहे' हे बघून तिकीट काढता येत नाही. मंगळवार आणि बुधवार दोन्ही घेतले तर पहिल्या राउंडचं सगळं हाती लागतं, हाच त्यातला उपाय.

सीटचं सांगतो, हे नीट वाचा. सीट मॅपवर आधी बघा कोर्ट कुठल्या दिशेने मांडलीयेत. कोर्टच्या मागची बाजू म्हणजे बेसलाइनच्या पाठीमागची सीट, खालच्या रांगा, इथून फूल वळताना, कापताना दिसतं, हात कसा फसवतो ते कळतं. बाजूची सीट असेल तर थोडी वरची घ्या, दहा-बारा रांगा वर, तिथून कोण कोणाला कुठे पळवतोय हा डाव दिसतो. बाजूची आणि अगदी खालची सीट सगळ्यात वाईट, मान टेनिस बघितल्यासारखी दुखते आणि लाइन जजच्या खुर्च्या आड येतात. सिंगल्सवेडे असाल तर मागे, डबल्स आवडत असेल तर बाजूला वर. एका दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरी असं घेतलंत तर उत्तम.

भारतातून येणार असाल तर

व्हिजिटर व्हिसा लागतो, ६ महिन्यांचा. अर्ज प्रवासाच्या ३ महिने आधीपासून करता येतो, त्याआधी नाही, आणि बायोमेट्रिक दिल्यापासून साधारण ३ आठवडे धरा. म्हणजे मार्चसाठी डिसेंबर-जानेवारीत हलायला हवं, फेब्रुवारीत जागे झालात तर जास्तीचे पैसे भरून घाई करावी लागते. बँकेचं ६ महिन्यांचं स्टेटमेंट, नोकरीचं पत्र, रजेचं पत्र, आणि खात्यात अचानक मोठी रक्कम टाकू नका, ती कुठून आली ते विचारतात.

विमानाने दुबईमार्गे थेट बर्मिंगहॅमला उतरता येतं, तिथून फुकटच्या छोट्या शटल-ट्रेनने बर्मिंगहॅम इंटरनॅशनल स्टेशन आणि मग गावातल्या न्यू स्ट्रीट स्टेशनला दहा-पंधरा मिनिटं. लंडनला उतरलात तर युस्टनहून फास्ट गाडी दीड तासाच्या आत-बाहेर, पण महाग. मॅरिलबोनहून मूर स्ट्रीटला जाणारी गाडी थोडी हळू आणि बरेचदा बरीच स्वस्त. इकडे ट्रेनचं तिकीट जितकं उशिरा काढाल तितकं महाग, आपल्यासारखं ठरलेलं भाडं नाही, काका-मंडळींना हे पटत नाही पण तसंच आहे.

आणि एक गोंधळ टाळा. एअरपोर्टजवळ एनईसी नावाचं मोठं प्रदर्शन केंद्र आहे, २०२२ च्या कॉमनवेल्थचं बॅडमिंटन तिथे झालं होतं जिथे सिंधू, लक्ष्य आणि सात्विक-चिराग यांनी सोनं घेतलं. ऑल इंग्लंड तिथे नाही! ती गावात मध्यावर, कालव्याच्या काठी. मी पहिल्या वर्षी त्याच्याजवळच्या बर्मिंगहॅम इंटरनॅशनल स्टेशनवर उतरून टेचात चालायला लागलो होतो, वीस मिनिटांनी कळलं की आजूबाजूला एकाच्याही पाठीवर रॅकेटची बॅग नाही.

न्यू स्ट्रीटहून चालत पंधरा-वीस मिनिटं, व्हिक्टोरिया स्क्वेअर, मग सेंटेनरी स्क्वेअर, तिथे गोल गोल जाळीची ती नवी लायब्ररी, मग ब्रिंडलीप्लेसचे कालवे ओलांडून अरीना. थंडी जास्त असेल तर ट्राम आहे, लायब्ररीच्या नाहीतर ब्रिंडलीप्लेसच्या स्टॉपवर उतरा. राहायला ब्रिंडलीप्लेस-ब्रॉड स्ट्रीट भाग सोयीचा पण शनिवारी रात्री तिथे धिंगाणा असतो, झोप हलकी असेल तर स्टेशनच्या बाजूला घ्या.

आत गेल्यावर

मोठी बॅग नेऊ नका, दारावर परत पाठवतात, छोटी पाठीवरची पुरे. बाहेर मार्चमध्ये पाच-सात डिग्री आणि वारा, आत जॅकेट काढून बसाल, त्यामुळे एकावर एक असे कपडे घाला. खाणं आत मिळतं, चिप्स, बर्गर, पिझ्झा, किमती बघून भूक मरते. मी बाहेर पोटभर खाऊन जातो. बर्मिंगहॅमला आहात तर एकदा लेडीपूल रोडकडे बाल्टी नावाची करी खाऊन या, कढईतच वाढतात, नान टॉवेलएवढा. आणि पंजाबी मिठाई-समोसे हवे असतील तर हँड्सवर्थचा सोहो रोड.

सकाळी १० च्या सुमाराला सुरू होतं. लवकर जा. अर्धा हॉल रिकामा असतो, प्लेअर वॉर्मअपला येतात, आणि इथे पहिली गोष्ट बघायची म्हणजे ड्रिफ्ट. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये हवा कुठून तरी कुठे तरी वाहतेच, डोळ्यांना दिसत नाही पण फुलाला कळते. वॉर्मअपला प्लेअर उंच टॉस मारून बघत असतात, एका बाजूने मारलेलं फूल लाइनच्या बाहेर जातं आणि दुसऱ्या बाजूने तेवढ्याच जोराने मारलेलं दीड फूट आत पडतं. मग पहिला गेम २१-९ आणि दुसरा ११-२१ असं का झालं ते तुम्हाला कळतं आणि शेजारचा 'फोकस गेला त्याचा' म्हणत बसतो. तिसऱ्या गेमला ११ वर बाजू बदलतात तेही याचसाठी, एकाच्याच नशिबी वारा नको.

थंड हवेत फूल हळू जातं, गरम हवेत पळतं, म्हणून फुलांचे वेगवेगळे स्पीड असतात, ७६, ७७, ७८ असे. आपण क्लबमध्ये उन्हाळ्यात हळू स्पीडचा बॉक्स मागतो तसंच. नियमाने १६ पिसं, वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. एक पीस वाकलं की प्लेअर अंपायरला दाखवतो, अंपायर मान हलवतो, नवं फूल. एका मॅचला दोन-दोन डझन सहज उडतात, आपण क्लबमध्ये एकाच फुलावर तीन गेम काढतो त्यामुळे मला पहिल्यांदा जिवावर आलं होतं अक्षरशः.

अंपायरच्या समोर दुसऱ्या बाजूला सर्व्हिस जज बसतो, त्याच्यापुढे एक पारदर्शक पट्टीचं स्टँड असतं, त्यावरच्या काळ्या रेघेतून तो बघतो की फुलाला रॅकेट लागताना ते जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली आहे ना. हा नियम २०१८ च्या मार्चपासून आला. त्याने 'फॉल्ट' दिला की उंच प्लेअरचं तोंड बघा.

ब्रेकमध्ये कोचकडे लक्ष ठेवा. ११ वर ६० सेकंद, गेमच्या मधे १२० सेकंद. इंडोनेशियाचे कोच हातवारे करत बोलतात, डेन्मार्कवाले दोन वाक्यं बोलून गप्प, आणि चिनी कोचचा चेहरा बघून स्कोर काय आहे ते ओळखून दाखवा. मधेच पोरं मॉप घेऊन धावत येतात, घामाचा एक थेंब पुसून पळतात, प्लेअर मुद्दाम बोटाने जागा दाखवतो आणि तेवढ्यात दम खातो. ही जुनी युक्ती आहे, सोसायटीत आपण बुटाची लेस बांधतो तशीच.

चॅलेंजची, म्हणजे लाइनचा निर्णय कॅमेऱ्यावर तपासून मागायची, मजा हॉलमध्येच. प्लेअर हात वर करतो, मोठ्या स्क्रीनवर फूल हळूहळू लाइनकडे उतरतं, सगळा हॉल 'ओऽऽऽ' करत आवाज चढवत नेतो आणि एका मिलिमीटरवरून अर्धे लोक उड्या मारतात. दोन चॅलेंज चुकले की संपले, म्हणून १९-१९ ला कुणाकडे किती शिल्लक ते लक्षात ठेवा.

माणसं

खरं वातावरण म्हणजे हे. इंग्लिश लोक क्लबचे टी-शर्ट घालून येतात, साठी-सत्तरीचे, डब्यात सँडविच, वेम्बलीपासून येणारे, चांगल्या रॅलीला कुणाच्याही टाळ्या वाजवतात. डेन्मार्कवाले लाल-पांढरे, डोक्यावर शिंगांचे हेल्मेट. इंडोनेशियाचे वीस जण असले तरी दोनशेंचा आवाज, 'इन-डो-ने-सिया' आणि मग टाळ्यांचा ठेका, एकदा तो डोक्यात बसला की रात्री झोपताना सुद्धा वाजतो. मलेशियाचे, चिनी विद्यार्थी 'जा-यो' करणारे. आणि आपले. लेस्टर, कॉव्हेंट्री, लंडन सगळीकडून येतात, तिरंगा असतो, 'जीतेगा भाई जीतेगा' असतं. मराठी ऐकू येतंच, एकदा मागून 'अरे ड्रिबल टाक ना, ड्रिबल!' असं ऐकलं आणि मी न बघता म्हटलं, कुठले, सदाशिव पेठ? निघाले ठाण्याचे.

फक्त एक सांभाळा, रॅली चालू असताना उठू नका आणि फ्लॅश मारू नका. समोरच्याची सर्व्हिस चुकली म्हणून टाळ्या वाजवणं हे तिथे बरं दिसत नाही, आपल्याकडे चालतं ते.

चार कोर्ट चालू असताना सगळीकडे बघायचा मोह होतो, तो आवरा. एक मॅच धरून बसा. मी पहिल्या मंगळवारी आठ मॅच अर्ध्या-अर्ध्या बघितल्या आणि एकही आठवत नाही. दुपारी तीननंतर लोक कंटाळून खायला जातात, तेव्हा पुढे-मागे फिरून घ्या, खालच्या मजल्यावर रॅकेटचे स्टॉल असतात तिथे डेमो रॅकेट हातात घेऊन बघता येतात. घेऊ नका लगेच, घरी गेल्यावर भाव ताडून बघा.

घरून बघणार असाल तर तेव्हा इकडचं घड्याळ अजून उन्हाळ्यासाठी एक तास पुढे केलेलं नसतं, म्हणजे साडेपाच तासांचा फरक, इथले सकाळचे १० म्हणजे तुमचे दुपारचे साडेतीन, आणि शेवटच्या मॅचला तुमच्याकडे मध्यरात्र उलटून जाते.

आणि इथे आलात तरी उशिराची तयारी ठेवा. पहिल्या दिवसांत तीन गेमच्या मॅच लांबल्या की हॉल सुटायला रात्रीचे १० वाजून जातात. लंडनची शेवटची सोयीची गाडी आधीच बघून ठेवा, फोनवर स्क्रीनशॉट काढून ठेवा. मी एकदा तिसरा, निर्णायक गेम १८-१८ ला असताना उठलो, जिन्यात दोनदा गर्जना ऐकली, परत वर धावलो, मॅच बघितली आणि गाडी चुकली. रात्र न्यू स्ट्रीटजवळच्या मॅकडोनाल्ड्सच्या बाकड्यावर काढली, शेजारी एक इंडोनेशियन जोडपं, त्यांचीही तीच गाडी.